‘कृपया नोंद घ्यावी’ : तापाच्या साथीत घरी जाणारी चिठ्ठी

शाळेतून घरी जाणाऱ्या सूचनांचे एक स्वतंत्र गद्य मराठीत तयार झाले आहे. ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की’ अशी त्याची सुरुवात होते, मधली क्रियापदे बहुतेक कर्मणी असतात, काम नेमके कोणी करायचे ते कोठेच सापडत नाही, आणि शेवटी ‘याची कृपया नोंद घ्यावी’ असे म्हणून खाली शिक्का बसतो. सहलीची वर्गणी, गणवेशाचा रंग, सहामाहीचे वेळापत्रक एवढ्यापुरते हे गद्य चालून जाते. वर्गणी किती आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे कळले की पालकांचे काम भागते. पण पावसाळ्यात फ्लूची साथ वर्गात शिरली की त्याच साच्यातून सूचना निघते, आणि तेव्हा तिच्यातला पोकळपणा महागात पडतो. कथा-कवितांची समीक्षा आपण करतो. हजारभर घरांत एकाच संध्याकाळी वाचल्या जाणाऱ्या मजकुराची का करू नये?

एक नमुना घेऊ. तो कोणत्याही एका शाळेचा नाही. आपण सर्वांनीच लिहिलेल्या, सही केलेल्या किंवा फळ्यावरून मुलांना उतरवून घ्यायला लावलेल्या सूचनांमधून तो जुळवला आहे :

‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, सध्या शहरात फ्लूसदृश आजाराचे रुग्ण आढळून येत आहेत. तरी पालकांनी आपल्या पाल्याची योग्य ती काळजी घ्यावी. घाबरून जाऊ नये. आजारी पाल्यास शाळेत पाठवू नये. अनुपस्थितीबाबत वैद्यकीय दाखला सादर करणे आवश्यक आहे. याची कृपया नोंद घ्यावी.’

व्याकरणाच्या दृष्टीने यात काही चूक नाही. आता एकेक वाक्य तपासू.

पहिले वाक्य : रुग्ण ‘शहरात’ आढळून येत आहेत. शहरात म्हणजे कोठे? ज्या आईच्या हातात ही चिठ्ठी पडते तिला शहराची खबर वर्तमानपत्रातून किंवा शेजारणीकडून मिळालेलीच असते. तिला जे कोणीच सांगत नाही ते म्हणजे तिच्या मुलाच्या वर्गात आज किती बाके रिकामी होती. ही माहिती फक्त शाळेकडे असते. किंबहुना गावात साथ आल्याची पहिली खूण बहुधा दवाखान्याच्या आधी हजेरीपटातच उमटते. दवाखान्यात प्रत्येक डॉक्टरला दोन-चार तापाची मुले दिसतात आणि ती त्या ऋतूत नेहमीच दिसत असतात. वर्गशिक्षकाला मात्र एकाच खोलीतली पंधरा मुले एकदम नाहीशी झालेली दिसतात.

२००९ सालच्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील सेंट फ्रान्सिस प्रिपरेटरी या शाळेत हेच घडले. तेथील शाळेच्या परिचारिका मेरी पॅपस यांच्या खोलीसमोर एका दिवसात ताप, घसा, अंगदुखी घेऊन आलेल्या मुलांची रांग लागली. २३ एप्रिलला शंभराहून अधिक मुले आजारी असल्याचे त्यांनी शहराच्या आरोग्य खात्याला कळवले. मेक्सिकोतून आलेला नवा एच१एन१ विषाणू शहरात पोचला आहे हे आरोग्य खात्याला त्या दूरध्वनीमुळे कळले. पुढे या शाळेतील विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना प्रश्नावली देऊन जो अभ्यास झाला त्यात उत्तरे देणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ३५ टक्के आणि कर्मचाऱ्यांपैकी १० टक्के लोकांना फ्लूसारखा आजार होऊन गेल्याचे दिसले. एवढी मोठी साथ ओळखायला पहिले उपकरण कोणते लागले? एक वही, आणि काल किती व आज किती अशी तुलना करणारी एक व्यक्ती.

आपल्याकडे वही आहे. तुलना मात्र महिनाअखेरीस, सरासरी काढताना होते. हजेरीपटात ‘ग’ लिहिला जातो, पण तो लग्नाला गेल्यामुळे, पावसामुळे की तापामुळे, हे कोठेच येत नाही. गैरहजेरीच्या खुणेशेजारी तापासाठी एक बारीक ‘ता’ लिहिण्याला खर्च काहीच नाही. साठ मुलांच्या वर्गात रोज चार-पाच मुले नसतातच. ती संख्या दोन दिवसांत दुपटी-तिपटीवर गेली आणि निम्म्याहून अधिक खुणांपुढे ‘ता’ असला, तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबण्याचे कारण उरत नाही. तो फ्लू आहे की दुसरा कोणता श्वसनाचा विषाणू आहे हे प्रयोगशाळाच सांगू शकते. घरी काय कळवायचे ते मात्र दोन्ही वेळी जवळजवळ सारखेच असते.

दुसरे वाक्य : ‘योग्य ती काळजी घ्यावी’. ही काळजी योग्य कोणती हे ज्याला ठाऊक आहे त्याला सूचनेची गरज नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला या वाक्यातून काहीच कळत नाही. सूचना लिहिणाऱ्याची जबाबदारी संपल्याची ती पावती आहे, एवढेच.

तिसरे : ‘घाबरून जाऊ नये’. या तीन शब्दांचा परिणाम नेमका उलटा होतो, हे वर्गात ‘हसू नका’ म्हणून पाहिलेल्या कोणाही शिक्षकाला सांगावे लागणार नाही. भीती कमी होते ती आकड्यांनी आणि पुढे काय होणार हे आधी कळल्याने. फ्लूचा ताप साधारणपणे तीन-चार दिवस राहतो, खोकला आणि थकवा आणखी आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो, बहुसंख्य मुले विश्रांती, पाणी आणि तापाच्या साध्या औषधावर बरी होतात. एवढे सांगितले तर आईला चौथ्या दिवशीच्या खोकल्याची धास्ती वाटणार नाही. आणि त्याच सुरात दुसरी बाजूही सांगायला हवी : श्वास जोरजोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर दिसू लागले, मूल पाणी पीत नाही, गुंगीत राहते, किंवा ताप उतरून बरे वाटल्यावर पुन्हा जोराचा ताप चढला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. दम्याचे, हृदयविकाराचे, मधुमेहाचे किंवा सिकलसेलचे मूल असेल, घरात गरोदर बाई, तान्हे बाळ किंवा वृद्ध असतील, तर डॉक्टरांना पहिल्या दिवशीच विचारायचे, कारण फ्लूवरचे औषध लवकर सुरू केले तरच त्याचा चांगला उपयोग होतो. आणि मुलांना तापासाठी ॲस्पिरिन द्यायचे नाही. फ्लूच्या तापात ते दिल्याने मेंदू आणि यकृत यांना इजा करणारा रे सिंड्रोम हा विकार क्वचित होतो, पण होतो. धोक्याच्या खुणा सांगितल्या तर पालक घाबरतील, म्हणून त्या गाळाव्यात, असे काही मुख्याध्यापकांचे मत असते. मला ते पटत नाही. कोणत्या गोष्टीला घाबरायचे हे माहीत असलेला माणूस बाकीच्या गोष्टींना घाबरत नाही.

हे सगळे आपल्याकडे कोणी सांगितलेच नव्हते असे नाही. ऑगस्ट २००९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांचे अ, ब आणि क असे तीन गट करून दिले होते. सौम्य ताप, खोकला, घसादुखी असलेल्या ‘अ’ गटातल्या रुग्णाची तपासणी करण्याची गरज नाही, त्याने घरी राहावे, इतरांत मिसळू नये, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी त्याची प्रकृती पुन्हा पाहावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. धाप, छातीत दुखणे, गुंगी, नखे निळी पडणे ही ‘क’ गटाची, म्हणजे रुग्णालयात दाखल करण्याची लक्षणे. एका पोस्टकार्डावर मावेल एवढा हा मजकूर आहे. त्याच महिन्यात पुण्यात नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या, आणि त्या रांगांत आपापली मुले घेऊन उभ्या राहिलेल्या अनेकांना खरे तर घरी थांबायला हवे होते. साथीच्या दिवसांत अशा रांगेत दोन-तीन तास काढणे हाच संसर्गाचा एक चांगला मार्ग. तो पोस्टकार्डाएवढा मजकूर शाळांमधून घरोघर गेला असता तर रांग किती कमी झाली असती, याचा हिशेब आज करता येणार नाही. पण एवढ्या घरांपर्यंत एका दिवसात पोचणारी दुसरी कोणती यंत्रणा त्या शहराजवळ होती?

चौथे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत अपुरे आहे : ‘आजारी पाल्यास शाळेत पाठवू नये’. आजारी म्हणजे किती आजारी? आणि किती दिवस? येथे थोडे विषाणूकडे वळले पाहिजे.

फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात. सेंट फ्रान्सिस शाळेच्या अभ्यासात हा काळ बहुतेकांमध्ये दीड दिवसाच्या आसपास भरला, आणि एका रुग्णापासून दुसरा रुग्ण तयार व्हायला सरासरी २.७ दिवस लागले. म्हणजे सोमवारी खोकणाऱ्या मुलाचे बाकावरचे सोबती गुरुवारी खोकू लागतात, आणि त्यांचे सोबती रविवारी. लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून रोगी विषाणू पसरवू लागतो आणि नंतर पाच ते सात दिवस पसरवत राहतो, लहान मुले याहूनही अधिक काळ. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, सर्व आजारी मुलांना घरी ठेवले तरी साथ पूर्ण थांबणार नाही, कारण आदल्या दिवशी ती वर्गातच होती. दुसरी अशी की, तरीही ताप असलेले दिवस हेच सर्वांत जास्त विषाणू पसरण्याचे दिवस असतात, म्हणून तेवढे दिवस तरी मूल घरी राहिले तर साथीचा जोर खरोखर मोडतो.

आणि आणखी एक. सूचनेचा मसुदा पर्यवेक्षकांकडे, मग मुख्याध्यापकांकडे, मग टंकलेखनाला, मग संस्थेच्या कार्यालयात असा तीन दिवस फिरला, तर तेवढ्यात विषाणूची एक पिढी पुढे गेलेली असते.

‘आजारी’ या शब्दाची व्याख्या जगात इतरत्र कशी केली जाते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऑगस्ट २००९ मध्ये शाळांना सांगितले की, तापाचे औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही, तरच मुलाने शाळेत यावे. यातले ‘औषध न देता’ हे शब्द सोन्याचे आहेत. सकाळी सहा वाजता पॅरासिटामॉलची गोळी दिली की सात वाजता कपाळ गार लागते, मूल दप्तर घेऊन निघते, आणि मधल्या सुट्टीच्या सुमारास पुन्हा तापते. मधले चार तास ते साठ जणांच्या खोलीत असते. हे आपण सर्वच जण दर पावसाळ्यात पाहतो. आईला दोष देण्यापूर्वी हेही लक्षात घ्यावे की, ताप उतरला म्हणजे आजार संपला असेच तिला आजवर शिकवलेले आहे. गोळीने ताप उतरतो, विषाणू तसाच राहतो, हे वाक्य सूचनेत कधी आलेलेच नसते.

जपानमध्ये याहून काटेकोर नियम आहे. २०१२ सालच्या एप्रिलपासून तेथे फ्लू झालेल्या शाळकरी मुलाने आजार सुरू झाल्यानंतर पाच दिवस उलटेपर्यंत आणि शिवाय ताप उतरल्यानंतर दोन दिवस उलटेपर्यंत शाळेत यायचे नाही, असे ठरलेले आहे. आणि हे दिवस गैरहजेरीत मोजले जात नाहीत. त्यांची नोंदच वेगळ्या नावाने होते.

हे वाचून आपल्या नमुन्यातल्या पाचव्या वाक्याकडे या. ‘अनुपस्थितीबाबत वैद्यकीय दाखला सादर करणे आवश्यक आहे.’ चौथे वाक्य म्हणते घरी ठेवा, पाचवे म्हणते घरी ठेवलेत तर दंड भरा. कारण दाखला म्हणजे दवाखान्याची फी, आणि रोजंदारीवरच्या आई-बापांपैकी एकाचा दिवस. शिवाय बरे होत आलेले मूल पुन्हा एकदा खोकणाऱ्यांच्या गर्दीत नेऊन बसवायचे, तेही केवळ कागदासाठी. अमेरिकेच्या त्याच २००९ सालच्या मार्गदर्शनात शाळांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागू नये असे सांगितले होते, कारण साथीत दवाखान्यांना खऱ्या रुग्णांसाठीच वेळ पुरत नाही. आपल्या शाळांत दाखल्याची अट आहे, आणि तिच्या जोडीला वार्षिक स्नेहसंमेलनात ‘शंभर टक्के उपस्थिती’चे बक्षीस आहे. अंगात ताप असताना शाळेत आलेल्या मुलाच्या पाठीवर थाप मारण्याची ही पद्धत कोणाच्या डोक्यातून निघाली कोणास ठाऊक. ज्या वर्षी साथ येऊन गेली त्या वर्षी तरी हे बक्षीस कपाटात ठेवावे. घटक चाचणी साथीतच आली तर ती चुकलेल्यांसाठी पुन्हा घेतली जाईल, एवढे एक वाक्य सूचनेत असले तर दाखल्याच्या अटीपेक्षा अधिक मुले घरी थांबतील.

शालेय पोषण आहाराचाही प्रश्न आहे. ज्या घरात दुपारचे जेवण शाळेत होते त्या घरासाठी ‘मुलाला पाठवू नये’ ही सूचना साधी नसते. चार दिवसांचा शिधा भावंडाबरोबर किंवा शेजारच्या मुलाबरोबर घरी देता येईल का, याचा विचार शाळेच्या पातळीवर करता येण्यासारखा आहे.

आता शाळा बंद ठेवण्याच्या प्रश्नाकडे वळू, कारण साथ म्हटली की पहिली मागणी तीच होते. ३ ऑगस्ट २००९ रोजी नव्या एच१एन१ फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्यानंतर शहरात जी भीती पसरली ती ज्यांनी पाहिली त्यांना वर्णन करून सांगायला नको. पुण्यातल्या आणि पाठोपाठ मुंबईतल्या शाळा आठवडाभर बंद झाल्या. त्या वेळी विषाणू नवा होता, तो किती घातक ठरेल हे स्पष्ट झालेले नव्हते, आणि अशा अवस्थेत शाळा बंद ठेवण्याच्या निर्णयावर आज आरामात बसून टीका करणे योग्य होणार नाही. अमेरिकेतही हाच गोंधळ झाला होता. १ मे २००९ रोजी तेथील रोगनियंत्रण केंद्राने रुग्ण आढळलेल्या शाळा चौदा दिवसांपर्यंत बंद ठेवण्याचा सल्ला दिला आणि ५ मे रोजी तो मागे घेतला. आजार वाटला होता तेवढा घातक नाही, शाळा चालू ठेवा, आजारी मुलांना घरी ठेवा, असा नवा सल्ला आला. चार दिवसांत सल्ला बदलला यात वाईट काही नाही. माहिती वाढली की सल्ला बदलणारच, विज्ञानाची रीतच ती. पण तो का बदलला हे घरी कळवले नाही, तर ‘यांनाच काही कळत नाही’ असे लोक म्हणतात, आणि पुढच्या वेळी खरा सल्लाही कोणी ऐकत नाही.

बंद शाळेचा उपयोग किती? फ्रान्समध्ये सर्वसाधारण डॉक्टरांकडून गोळा होणाऱ्या फ्लूच्या नोंदी आणि शाळांच्या सुट्ट्या यांची सांगड घालून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुट्टीच्या काळात मुलांमध्ये फ्लू पसरण्याचा वेग २० ते २९ टक्क्यांनी कमी होत होता. मोठ्यांच्या आपसातल्या संपर्कावर मात्र काही परिणाम दिसला नाही. महासाथीत शाळा दीर्घकाळ बंद ठेवल्या तर एकूण रुग्णसंख्या १३ ते १७ टक्क्यांनी आणि साथीच्या शिखरावरची संख्या फार तर ३९ ते ४५ टक्क्यांनी घटेल, असे गणित त्यावरून मांडले गेले. म्हणजे एकूण रुग्ण थोडेच कमी होतात, पण ते एकदम न येता पसरून येतात, आणि रुग्णालयांवरचा ताण हलका होतो. उपयोग आहे, पण तो मर्यादित आहे, आणि तो मिळतो तेव्हाच, जेव्हा सुट्टीत मुले एकमेकांत कमी मिसळतात. शाळा बंद आणि शिकवणी चालू, शाळा बंद आणि चाळीच्या अंगणात दिवसभर क्रिकेट, अशी सुट्टी असेल तर फक्त वर्गाची जागा बदलते. मार्च २०२३ मध्ये फ्लूचे रुग्ण वाढल्याने पुदुच्चेरीत आठवीपर्यंतच्या वर्गांना १६ ते २६ मार्च अशी सुट्टी देण्यात आली. अशी सुट्टी जाहीर करताना ती कशासाठी आहे आणि मुलांनी ती कशी घालवायची, हे सांगणारी दोन वाक्ये घरी गेली पाहिजेत. ‘शाळेस सुट्टी राहील’ या तीन शब्दांच्या आनंदवार्तेतून मुले आपल्याला हवा तोच अर्थ काढतात.

वसतिगृहाची शाळा हे याच प्रश्नाचे टोकाचे रूप. १९७८ सालच्या जानेवारीत इंग्लंडच्या उत्तर भागातील मुलांच्या एका निवासी शाळेत आलेली फ्लूची साथ साथशास्त्राच्या पुस्तकांत अजरामर झाली आहे. ७६३ मुलांपैकी ५१२ आजारी पडली. २२ जानेवारीला तीन मुले अंथरुणावर होती. आठवडा व्हायच्या आत तो आकडा तीनशेच्या जवळ गेला, आणि ४ फेब्रुवारीपर्यंत सारे आटोपलेही. तो आलेख एवढा सुबक आहे की साथीचे गणित शिकवताना जगभर तो फळ्यावर काढला जातो, आणि बारावीच्या मुलांना जरूर दाखवावा. पण तो पाहून आपल्या शाळेविषयी निष्कर्ष काढताना सावध राहिले पाहिजे. तेथे जवळजवळ सर्व मुले रात्रंदिवस एकाच छपराखाली होती. संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलांची शाळा वेगळी वागते. तिच्यात साथ अशी एकसंध लाट होऊन येत नाही. एका तुकडीत शिरते, भावंडांमार्फत दुसऱ्या तुकडीत जाते, मध्येच रविवार येतो. २००९ च्या जुलैत आपल्या पाचगणीतल्या एका निवासी शाळेत आलेल्या साथीचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केला आहे. आश्रमशाळांच्या शिक्षकांना इंग्लंडच्या आलेखापेक्षा तो जवळचा वाटेल. आश्रमशाळेत तर ‘घरी ठेवा’ याला अर्थच नसतो, आणि मुलांना घाईने बसमध्ये बसवून गावी पाठवणे म्हणजे साथ पाड्यापाड्यावर पोचवणे. तेथे आजारी मुलांसाठी वेगळी, हवेशीर खोली हाच उपाय, आणि घरी निरोप जायला हवा तो ‘तुमचा मुलगा आजारी आहे’ एवढ्यावर न थांबता, तो कोठे झोपला आहे, काय खातो आहे आणि कोण त्याच्याजवळ आहे हे सांगणारा.

दिवसाच्या शाळेसाठी जपानमधलीच दुसरी एक रीत अधिक कामाची वाटते. तेथे एखाद्या वर्गात सुमारे एक-पंचमांश मुले फ्लूने आजारी पडली की तेवढाच वर्ग काही दिवस बंद करतात. बाकीची शाळा चालू राहते. आपल्याकडे ‘सातवी ब’ला चार दिवस सुट्टी आणि ‘सातवी अ’ चालू, ही कल्पनाच कानाला विचित्र लागते. पण फ्लू तुकडीतुकडीने पसरत असेल तर उपायही तुकडीतुकडीनेच का नसावा?

चिठ्ठी लिहून झाली तरी ती वाचली जाते का, हा प्रश्न उरतोच. न्यूयॉर्कमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी शाळेत येणारे डॉक्टर खरूज, डोळे येणे, उवा असलेल्या मुलांना एक कार्ड हातात देऊन घरी पाठवत. स्थलांतरित आई-बापांना ते कार्ड उमगत नसे, मुले आठवडेच्या आठवडे रस्त्यावर खेळत राहत, आणि संध्याकाळी शाळेतल्या मित्रांना तेथेच भेटत. १९०२ च्या ऑक्टोबरात लीना रॉजर्स या परिचारिकेला काही शाळांवर प्रयोग म्हणून नेमले. तिने शाळेतच साधे उपचार सुरू केले आणि घरोघर जाऊन आयांना काय करायचे ते करून दाखवले. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारामुळे शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती, ती वर्षभरानंतरच्या सप्टेंबरात १,१०१ झाली. कार्डावरचा मजकूर तोच राहिला असता तर हे झाले नसते.

आपल्याकडे परिचारिका नाही, पण आशाताई आहेत, अंगणवाडीच्या बाई आहेत, आणि आता बहुतेक घरांत फोन आहे. फोनवर पाठवलेली लेखी सूचना वाचता न येणाऱ्या आजीपर्यंत पोचत नाही. त्याच फोनवर वर्गशिक्षिकेने स्वतःच्या आवाजात एक मिनिटाचा निरोप पाठवला तर तो पोचतो. वर्गात परप्रांतातल्या कामगारांची मुले असतील तर तोच निरोप हिंदीत किंवा कानडीत सांगायला एखादी पालकच मिळते. फोन वडिलांबरोबर कामावर असतो हेही विसरू नये, म्हणून फळ्यावरून वहीत उतरवलेल्या चार ओळी अजून टाकून देऊ नयेत.

जेथे शाळा गप्प राहते तेथे दुसरे कोणीतरी बोलतेच. २००९ मध्ये कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या मुलांच्या खिशात दिसू लागल्या होत्या. कापराच्या वासाने विषाणू मरत नाही, आणि लहान मुलाने कापूर तोंडात घातला तर झटके येऊ शकतात. पुरचुंडीवर हसण्यापेक्षा ती का बांधली गेली हे पाहावे. आईला काहीतरी करायचे होते, आणि करण्याजोगे काही कोणी सांगितले नव्हते.

साथीत नावे फुटतात, त्याबद्दलही शाळेने आधीच ठरवलेले बरे. आकडा जाहीर करावा, नाव कधीही नाही. ‘अमक्याच्या घरून आणली’ अशी कुजबुज सुरू झाली की पुढच्या वेळी त्या घरचे मूल तापातही शाळेत येते, कारण त्याला लपवायचे असते.

तर मग नमुन्यातली सूचना दुसऱ्या प्रकारे लिहून पाहू. आकडे अर्थातच उदाहरणादाखल आहेत :

‘सातवी ब मधील ५८ पैकी १४ मुले आज आली नाहीत. त्यांपैकी ११ जणांना ताप आणि खोकला आहे. ही फ्लूची साथ असावी. तुमच्या मुलाला ताप असेल तर त्याला घरी ठेवा. तापाची गोळी न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, की मग शाळेत पाठवा. गोळीने ताप उतरतो, पण आजार दुसऱ्याला लागायचा थांबत नाही. दाखला आणू नका. बुडालेला अभ्यास आणि चाचणी आम्ही पुन्हा घेऊ. मुलाला पाणी, पेज, जे जाईल ते द्या. ॲस्पिरिन देऊ नका. धाप लागली, ओठ निळे दिसले, मूल पाणी पिईना किंवा गुंगीत असले, किंवा बरे वाटून पुन्हा ताप चढला, तर लगेच रुग्णालयात न्या. घरात गरोदर बाई, बाळ, म्हातारे माणूस किंवा दमेकरी असेल तर आजारी मुलाला त्यांच्यापासून वेगळे झोपवा. वर्गाच्या खिडक्या आम्ही उघड्या ठेवणार आहोत, मुलांना स्वेटर द्या. काही विचारायचे असल्यास वर्गशिक्षिकेला दुपारी एक ते दोनमध्ये फोन करा. पुढची माहिती परवा कळवू.’

पहिल्या सूचनेपेक्षा ही सुमारे तिप्पट लांब आहे, आणि तिच्यात एकही कर्मणी क्रियापद नाही. शासकीय तपासणीत ती कदाचित ‘अनौपचारिक’ ठरेल. तिच्यातले शेवटचे वाक्य पाळणे सर्वांत कठीण आहे, कारण परवा कळवायचे म्हणजे परवा पुन्हा मोजायचे. साथ ओसरल्याची सूचना तर आपल्या शाळांतून बहुधा निघतच नाही. शाळेने पहिली चिठ्ठी पाठवलेली असते, आणि मग दोन महिन्यांनी सहलीच्या वर्गणीची. मध्ये काय झाले, किती मुले आजारी पडली, कोणाला रुग्णालयात न्यावे लागले का, सगळी परत आली का, हे घरी कधीच कळत नाही. एका कागदावर दोन ओळी पुरतील : सातवी ब मध्ये एकूण २३ मुले आजारी पडली, आज वर्गात ५५ जण हजर आहेत, उरलेल्या तिघांपैकी दोघे लग्नाला गेले आहेत.